फुआतिनो आणि वीस खोकी मासे

फागालोतो गावच्या सातही होड्यांवरच्या फोनमध्ये पहिला नंबर फुआतिनोचा असायचा. बायकोचा दुसरा. सुरुवातीला बायकांनी यावरून तोंडं वाकडी केली होती, पण भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर बायको काय करणार? रडणार. फुआतिनो आधी चार शिव्या घालते आणि मग दुसरी होडी पाठवते. हे सगळ्यांना पटलं, आणि एकोणीस वर्षं समुद्राकडे लावलेला गावाचा कान म्हणजे फुआतिनो.

तिला या कामावर कोणी नेमलं नव्हतं. तिचं घर काळ्या खडकाच्या टोकावर आहे, आणि प्रवाळाच्या रांगेत होड्यांना आतबाहेर करायला जी एकुलती एक फट आहे, ती तिच्या चटईवरून दिसते. नवरा गेला, मुली न्यूझीलंडला गेल्या, आणि ही बाई घराच्या मधल्या खांबाला फोन टांगून, हातात विणकाम घेऊन समुद्राकडे तोंड करून बसायला लागली. किती होड्या गेल्या, किती आल्या, हे तिला पाठ. पहाटे कोणी तिला न सांगता होडी लोटली तर संध्याकाळी किनाऱ्यावर त्याचा असा उद्धार व्हायचा की पोरं लांबून गंमत बघायला यायची. एकसष्ट वर्षांची, अंगाने भरलेली, आवाज चर्चच्या घंटेला मागे टाकणारा. गोड बोलणं तिला कधी जमलं नाही आणि तिने ते शिकायची तसदीही घेतली नाही.

आमच्याकडे संध्याकाळी साडेसहाला शंख फुंकला की सा लागते. प्रार्थनेची वेळ. अर्धा तास गाव जागच्या जागी. रस्त्याने गाडी जायची नाही, कोणी कोणाच्या घरी जायचं नाही. कोणी मोडलीच, तर रस्त्यावर उभी असलेली तरणी पोरं त्याला अडवतात आणि पंचायत दंड ठोकते. त्यातून सूट एकाच गोष्टीला, फुआतिनोच्या फोनला. जुन्या पाद्रींनीच सांगितलं होतं, ‘‘समुद्रावरच्या माणसाचं देव सा चालू असतानाही ऐकतो, मग तू का ऐकू नयेस?’’ म्हणून सा लागली की ती फोन चार्जिंगला लावायची, आवाज पूर्ण मोठा करायची आणि एक डोळा उघडा ठेवून प्रार्थना करायची.

त्या मंगळवारी सहा होड्या परतल्या होत्या. सातवी तिच्या धाकट्या भावाची, तावीताची. तो नेहमीच शेवटी यायचा, आठ वाजेपर्यंत, कारण सगळ्यांपेक्षा एक मासा जास्त धरल्याशिवाय त्याला घर दिसत नाही. सोबत त्याचा जावई होता. सा संपली, फुआतिनोने फोन हातात घेतला, तर पडद्यावर नेहमीचं काहीच नाही. चार रिकाम्या चौकटी आणि इंग्रजीत काहीतरी. फोन सिमचा आकडा मागत होता. तीन वर्षांत तिने तो फोन एकदाही बंद केला नव्हता, त्यामुळे सिमला असा काही आकडा असतो हेच तिच्या गावी नव्हतं. तिने मुलींच्या जन्माची सालं घालून पाहिली. तीन वेळा चुकल्यावर फोनने तोंडच मिटलं.

आठ वाजले, तावीता आला नाही. तिने शंख फुंकला. दोन होड्या शोधायला निघाल्या, पण जायचं कुठे? समुद्र काय गावची गल्ली आहे? ती खडकांवरून कंदील घेऊन पार टोकापर्यंत गेली, हाका मारल्या, गुडघा फोडून घेतला. तावीता इंजिन बंद पडलेल्या होडीत दोन रात्री आणि दोन दिवस वाहत होता. उपोलू बेटाहून येणाऱ्या फेरीबोटीला तो दिसला, म्हणून वाचला.

किनाऱ्यावर सगळं गाव जमलं होतं. त्याचे ओठ फाटले होते, जावयाला धड उभं राहता येत नव्हतं. फुआतिनो शहाळं फोडून धावत गेली. त्याने ते तिच्या हातून घेतलं नाही.

‘‘सात वेळा फोन केला, ताई,’’ तो म्हणाला. ‘‘सात वेळा. सा चालू, दुसरं कोण उचलणार? टॉवर दिसत होता तोपर्यंत करत होतो. तू झोपलीस.’’

‘‘मी झोपले? फोन आपोआप बंद झाला रे!’’

‘‘फोन काय आपोआप बंद होतो?’’ एवढं बोलून तो घरी गेला.

आमच्यात भाऊ बहिणीला चारचौघांत असं बोलत नाही. बहीण म्हणजे घराण्याची इज्जत, तिचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो, तिचे तळतळाट लागतात म्हणतात. पण त्या दिवशी तावीताला कोणी काही बोललं नाही, कारण मरणाच्या दारातून आलेल्या माणसाला कोण बोलणार? मग सगळं वड्याचं तेल वांग्यावर. दुकानापाशी पोरं म्हणायला लागली, ‘‘फुआतिनो डोळे मिटून प्रार्थना करते आणि उघडायचं विसरते.’’ पाद्रीणबाईंनी फार काळजीच्या आवाजात सुचवलं की वय झालं, आता हे काम एखाद्या जाणत्या पुरुषाकडे द्यावं. रविवारपर्यंत चार होड्यांनी पहिला नंबर बदलला. एकोणीस वर्षं, आणि चार दिवसांत चार होड्या! फुआतिनोला त्या रविवारी जेवण गेलं नाही. ब्रेडफ्रूट तसंच केळीच्या पानावर वाळून गेलं.

सोमवारी ती बस पकडून बंदरावरच्या मोबाइल दुकानात गेली. काउंटरवरच्या मुलीने सिम उघडून दिलं, फोन चाळला आणि सहज म्हणाली, ‘‘काकू, मंगळवारी अपडेट झालाय हा. अपडेट झाला की बंद होऊन परत चालू होतो, मग सिमचा आकडा मागतो.’’

‘‘मी कुठे केला?’’

‘‘तुम्ही नाही. आपोआप होतो. कंपनी करते.’’

‘‘मग तो बंद करायचं बटण दाखव.’’

मुलीने दाखवलं. बटण होतं, पण फिकट करडं. दाबलं तरी हलत नव्हतं. ‘‘हे कंपनीने विकलेले फोन आहेत ना, त्याला कंपनीचं कुलूप असतं,’’ मुलगी म्हणाली.

फुआतिनो ते करडं बटण अंगठ्याने दाबत राहिली. फोन तिने आपल्या चटया विकून घेतला होता. खांब तिचा, वीज तिची, भाऊ तिचा. आणि कुलूप दुसऱ्याचं! तिच्या मस्तकात तिडीक गेली ती बस गावात येईपर्यंत उतरली नाही, आणि ती घरी न जाता तडक पंचायतीच्या घरात शिरली. तिथे गावातल्या घराण्यांचे मुखिया, आमचे मताई, आपापल्या खांबाला टेकून बसले होते आणि आव्याची, म्हणजे मुळांच्या पेयाची, वाटी फिरत होती.

‘‘सेऊपुले,’’ ती सगळ्यांत थोरल्या मताईला म्हणाली, ‘‘मागच्या मंगळवारी सा चालू असताना माझ्या घरात कोणीतरी शिरलं.’’

वाटी अर्ध्यात थांबली. ‘‘कोण? आपल्या गावचा?’’

‘‘डोंगरावर टॉवर ज्यांचा आहे, ती कंपनी.’’

एक जण फिसकन हसला. ‘‘फोनमध्ये शिरली म्हण की, ताई. घरात कुठे?’’

‘‘आणि फोन कुठे होता? तुझ्या डोक्यावर? माझ्या घरात, माझ्या खांबाला. आपल्या घरांना भिंती नाहीत, म्हणून काय वाटेल त्याने आत यावं? तू येतोस का माझ्या घरात न विचारता? येऊन दाखव, तंगडी हातात देईन.’’ मग तिने मंगळवारची सगळी हकिकत सांगितली. शेवटी म्हणाली, ‘‘माझा भाऊ मेला असता तरी मला कळलं नसतं, आणि वर झोपाळू मीच. चोर तो चोर, वर शिरजोर.’’

सेऊपुलेंनी डोळे मिटले. ऐंशीचे आहेत, दर वाक्याआधी मिटतात. ‘‘माझ्या फोनवरचं घड्याळ,’’ ते म्हणाले, ‘‘वर असायचं. एका सकाळी उठलो तर ते नव्हतं. मला ते अजून सापडलेलं नाही.’’ आजूबाजूला पाच-सहा माना हलल्या. एकाच्या फोनवरची अक्षरं मुंगीएवढी झाली होती, एकाचे सगळे फोटो कुठल्याशा ढगात गेले होते. आतापर्यंत जो तो समजत होता की आपणच अडाणी.

दंड ठरला. वीस खोकी टिनातले मासे आणि एक माजलेली डुकरीण. दंड येईपर्यंत कंपनीच्या गाडीला गावातून रस्ता बंद.

कंपनीचा माणूस आलापाती, राजधानी आपियाच्या ऑफिसातला, इस्त्रीच्या शर्टातला, पण रक्ताने आपलाच. टॉवरच्या जनरेटरचं डिझेल घेऊन बुधवारी आला तर पोरं रस्त्यात पसरून पत्ते खेळत होती. तो आधी हसला. मग फोन केले. मग ओरडला. टॉवरमध्ये तीन दिवसांचं डिझेल उरलं होतं, आणि टॉवर बंद पडला तर पंचक्रोशीतली बारा गावं मुकी होणार होती. गुरुवारी सकाळी तो लावालावा, आपली कमरेची लुंगी, नेसून, वीस खोकी आणि एक चिडलेली डुकरीण घेऊन पंचायतीसमोर हजर झाला.

बोलला मात्र छान. आमच्यात भाषणाला मान आहे, आणि त्याच्या आजोबांनी त्याला नीट शिकवलं होतं. गावाच्या पूर्वजांना वंदन केलं, समुद्राला केलं, बहिणींच्या मानाला केलं. म्हाताऱ्यांचे डोळे पाणावले. तिथेच थांबला असता तर वाचला असता. पण शहाण्याला आणखी समजावून सांगायची खाज.

‘‘आम्ही मुद्दाम कोणाला त्रास दिलेला नाही,’’ तो म्हणाला. ‘‘उलट वेळ आम्ही विचार करून निवडली. सा चालू असते तेव्हा सगळा देश प्रार्थनेला बसलेला असतो, फोन कोणी वापरत नाही, लाइन मोकळी असते. त्याहून सोयीची वेळ नाही.’’

सेऊपुलेंनी मिटलेले डोळे उघडले. आलापातीला आपण काय बोलून बसलो ते कळलं, पण बाण सुटला होता.

फुआतिनो उठली. बायकांच्या बाजूने चालत मधोमध आली, आणि त्या खोक्यांच्या थप्पीवर बसली. खोकी वाटली गेली की दंड स्वीकारला, आणि दंड स्वीकारला की विषय संपला, पुन्हा काढायचा नाही, असा रिवाज आहे. ती बसली म्हणजे खोकी वाटता येणार नव्हती.

‘‘मला मासे नकोत,’’ ती म्हणाली. ‘‘बटण पाहिजे.’’

‘‘काकू, अपडेट तुमच्याच भल्यासाठी असतो. चोरांपासून बचाव होतो,’’ आलापाती काकुळतीला आला.

‘‘होत असेल. मी नको कुठे म्हणतेय? विचारून कर. होड्या किनाऱ्याला लागल्या की मी स्वतः हो म्हणेन. माझ्या घरात यायचं तर बाहेरून हाक मार, मी ये म्हटलं की ये. तुझ्या आईने हे शिकवलं नाही का?’’

आलापातीने ऑकलंडच्या साहेबाला फोन लावला. उंटावरून शेळ्या हाकणारा हा साहेब म्हणाला, एकीला बटण दिलं तर सगळे मागतील.

‘‘मग सगळ्यांना द्या,’’ फुआतिनो म्हणाली. ‘‘त्यात काय अडलंय?’’

दुपार झाली. आता कुरकुर सुरू झाली, आणि ती आपल्याच माणसांची. शनिवारी रग्बीचा सामना होता, डिझेल संपलं तर तो दिसणार नव्हता. शिवाय वीस खोकी मासे डोळ्यांसमोर उन्हात तापत होते. ‘‘कंपनी नमली ना? मग पुरे की,’’ कोणी म्हणालं. ‘‘हट्टाला पेटलीये,’’ कोणी म्हणालं. शेवटी तावीता पुढे आला. किनाऱ्यावरच्या त्या दिवसानंतर तो तिच्याशी बोललेलाच नव्हता.

‘‘ऊठ, ताई. तुझ्या एका डुलकीपायी गावाला किती दिवस धरून ठेवणार आहेस?’’

फुआतिनोने त्याच्याकडे पाहिलं. मग तोंड फिरवून आलापातीला विचारलं, ‘‘तुमच्याकडे नोंद राहते ना, कुठल्या फोनला काय केलं त्याची?’’

‘‘राहते.’’

‘‘वाच माझी. मोठ्याने वाच.’’

त्याने लॅपटॉप उघडला. बराच वेळ काहीतरी शोधलं. मग वाचलं. मंगळवार, सहा एकतीस, अपडेट उतरला. सहा चौतीस, फोन बंद. सहा अठ्ठावन्न, फोन चालू, सिमचा आकडा मागितला. सात तीन, तीन चुकीचे आकडे, सिम बंद. ‘‘आणि या नंबरला आलेले, पण न लागलेले कॉल...’’ तो थांबला.

‘‘वाच.’’

‘‘सात. पहिला सहा चाळीसला. शेवटचा सात अकराला.’’

ज्या पोरांनी डुलकीचे विनोद केले होते ती पायाच्या बोटांकडे बघत होती. तावीता उभा होता तिथून वळला आणि माडांमधून चालता झाला.

‘‘तिला बसू दे,’’ सेऊपुले म्हणाले. ‘‘ती उठेल तेव्हा दंड स्वीकारला जाईल.’’

ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसली. बायकांनी तिच्यासाठी कोको आणला, तारोचे कंद आणले, आणि मग ज्या द्यायला आल्या त्याही शेजारी चटया टाकून बसल्या. पाद्रीणबाईसुद्धा आल्या, आणि आपल्या फोनमधलं भजनांचं ॲप अपडेटनंतर कसं गायब झालं ते सांगून हळूच डोळे पुसून गेल्या. कंपनीला रग्बीची किंमत कळत असावी. शुक्रवारी बाराला आलापाती धावत आला. त्या टॉवरवरच्या प्रत्येक फोनचं कुलूप ऑकलंडहून उघडलं होतं.

फुआतिनोने फोन हातात घेतला. बटण करडं नव्हतं, हिरवं होतं. तिने ते दाबलं, ते हललं. पण तेवढ्याने भुलेल तर ती फुआतिनो कसली?

‘‘आत्ता एक अपडेट पाठव,’’ ती म्हणाली.

आलापातीने पाठवला. पडद्यावर ओळ आली. ‘‘विचारतोय,’’ त्याने वाचून दाखवलं, ‘‘आत्ता करू का?’’

तिने समुद्राकडे पाहिलं. दोन होड्या बाहेर होत्या. तिने ‘नको’ दाबलं. आणि फोन मांडीवर ठेवून पाव तास त्याच्यावर डोळे रोखून बसली. फोन मुकाट्याने होता तसाच राहिला. मग ती म्हणाली, ‘‘हात द्या गं कोणीतरी, गुडघे धरलेत,’’ आणि दोघींनी ओढून तिला खोक्यांवरून उठवलं. मासे वाटले गेले, डुकरीण भाजली गेली, आणि ज्यांनी सगळ्यांत जास्त कुरकुर केली होती त्यांनीच सगळ्यांत जास्त खाल्लं. संध्याकाळपर्यंत चारही होड्यांनी तिचा नंबर परत पहिला केला. कोणी माफी मागितली नाही. तिनेही मागायला लावली नाही, फक्त एकेकाची बायकोदेखत यथेच्छ कानउघाडणी केली.

तावीता मात्र जेवायला आला नव्हता.

सोमवारी पहाटे ती तोंड धुवायला बाहेर आली, तर तिच्या दारासमोरच्या काळ्या खडकावर कोणीतरी बसलं होतं. खाली मान घालून, डोक्यावरून बारीक विणीची मोठी चटई पांघरून. आमच्याकडे जिवानिशी कोणी गेलं, घराण्याचं नाक कापलं गेलं, तरच अपराध्याने असं बसायचं असतं. ज्याचा अपराध केला त्याने चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर तो काय करेल ते करेल, आणि खाली बसलेल्याने ते सोसायचं. शेजारची बाई तोंडावर हात ठेवून उभी राहिली. एवढ्याशा बोलण्यासाठी कोणी चटई पांघरल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं.

फुआतिनोने चूल पेटवली. कोको केला. सावकाश प्यायला. किनाऱ्यावर सात होड्या तयार होत्या आणि एकही पाण्यात उतरत नव्हती. सूर्य वर आला, चटईवर ऊन पडलं, तरी फुआतिनो हलली नाही. मग उठून बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

‘‘कोणी सांगितलं तुला हे?’’

‘‘कोणी नाही,’’ चटईखालून आवाज आला.

‘‘सात वेळा फोन केलास ना? मी उचलला नाही. बरं, परत आलास. मग एकदा, एकदा तरी मला विचारायचंस ना रे, की ताई, काय झालं होतं? ती कंपनी परकी. तू तर माझ्या पाठचा ना?’’ तिचा आवाज फुटला, आणि तो फुटला म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

चटई तिच्या दिशेने सरकली.

‘‘ताई,’’ तो म्हणाला, ‘‘काय झालं होतं?’’

त्याला सगळं माहीत होतं. गावाला माहीत होतं, आपियापासून ऑकलंडपर्यंत माहीत होतं. तरी फुआतिनो त्याच्यासमोर खडकावर बसली आणि तिने पहिल्यापासून सांगितलं. शंख कधी वाजला, फोन चार्जिंगला कसा लावला, त्या चार रिकाम्या चौकटी, मुलींच्या जन्माची सालं. कंदील घेऊन टोकापर्यंत कशी गेली, कुठल्या खडकावर पडली, त्याचं नाव घेऊन किती वेळा ओरडली. तो चटईखाली ऐकत राहिला. सगळं सांगून झाल्यावर तिने चटई उचलली.